दामूभाऊंचा कौल

दामूभाऊंना जन्मात कधी भूक लागली नाही. भूक लागायची ती त्यांच्या पोटाला. दामूभाऊंना तसं फक्त कळवण्यात यायचं.

"सुलू, पोटाकडल्यान कळोवणी आयल्या!" असं ते न्हाणीतून ओरडत, आणि आमच्या ओळीतल्या चार घरांना समजायचं, की आता गांवसांकडे, म्हणजे दामूभाऊ आणि त्यांची बायको सुलूवयनी यांच्या घरी, पानं वाढणार. झोप आली की डोळ्यांची कळोवणी. पाऊस यायचा असला की डाव्या गुडघ्याची. एकदा लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं त्यांचं पान वगळून पुढच्याला खतखत्याची भाजी वाढली. दामूभाऊ तांबडेलाल. मी समोरच्या पंगतीत होते. म्हटलं, "भाऊ, राग आला वाटतं?"

"माका ना आयलो," ते दात आवळून म्हणाले. "पित्त उसळलां. तें आपलें काम करता. हांव फकत पळयतां."

पित्तानं मग वाढप्याला काय काय सुनावलं ते मी इथे लिहीत नाही.

आधी एक सांगून ठेवते. आम्ही गोव्यातल्या मये गावची माणसं घरात कोकणी बोलतो, पण लिहायला बसलं की हात आपसूक मराठी लिहितो. माझा तर लिहितोच, कारण मी मूळची हळर्णची, तिकडे पेडण्याला मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले. त्यानंतरचं माझं सगळं शिक्षण वाचनालयात आणि गडग्यावर झालं. गडगा म्हणजे आमच्या आणि गांवसांच्या अंगणामधली कमरेएवढी चिऱ्यांची भिंत. तिच्या अलीकडून मी, पलीकडून दामूभाऊ आणि सुलूवयनी, असा आमचा तीस वर्षांचा वर्ग. तेव्हा त्यांची बोलणी मी जशी कानात आहेत तशी, थोडी इकडची थोडी तिकडची, लिहिते. सांभाळून घ्या.

दामूभाऊ डिचोलीकडच्या एका खाणीवर लॅबमध्ये होते. जहाजात भरायच्या आधी मातीत लोखंड किती आहे ते बघावं लागतं, ते काम. लागले तेव्हा बाटल्या धुवायला लागले. निवृत्त झाले तेव्हा नुसत्या रंगावरून मातीचा कस सांगत, आणि शिकलेले साहेबलोक आपला आकडा त्यांच्या तोंडाकडे बघून तपासत. डोंगराएवढ्या ढिगाचा कस चमचाभर मातीवरून कसा काढायचा, याची त्या लोकांची एक रीत आहे. ढिगातली माती ठिकठिकाणाहून घ्यायची, कालवायची, तिचा छोटा ढीग करायचा, तो वरून दाबून त्याचे चार वाटे करायचे. समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. उरलेलं परत कालवायचं, परत चार वाटे. असं करत करत शेवटी चमचाभर उरते, पण त्या चमच्यात सगळा डोंगर असतो.

ही रीत त्यांच्या हातात इतकी भिनली होती, की पानावर भाताचा ढीग पडला तरी त्याला वरून दाबून चार वाटे व्हायचे. समोरासमोरच्या दोन वाट्यांतला घास घेऊन ते गंभीरपणे म्हणत, "मीठ उणें."

"सगळें शीत खावचे आदींच?" सुलूवयनी विचारी.

"सँपल घेतलें."

"वाटे घालून जेवपी घोव सगळ्या गोंयांत माकाच मेळ्ळो," असं ती मला गडग्यावरून ऐकवी. आणि मीठ खरंच उणं असायचं.

त्या लॅबमध्येच त्यांना एक वेड लागलं. मातीत लोखंड, तसं रक्तातही लोखंड आहे, असं कुठल्याशा साहेबानं त्यांना सांगितलं. दामूभाऊंनी ते डोक्यात धरलं आणि मग सोडलंच नाही. हाडांत चुना. अश्रूत मीठ. पित्तात आंबट. म्हणजे माणूस काय? तर वस्तू. आत्मा बित्मा कोणी सँपलात बघितलेला नाही. "वस्त गो बाय, दुसरें कांय ना!" हे त्यांचं पालुपद. आम्ही बायका हळदीकुंकवाला जमलो की कोणी फुगडी संपल्यावर दम खात हेच म्हणे, "वस्त गो बाय!", आणि सगळ्या हसत.

भाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा गावात दोन तट पडले. एक दिवस सकाळी मराठीवाले सही घ्यायला आले, संध्याकाळी कोकणीवाले. दोघांनी तेच विचारलं, "तुमची मायभास कुठली?" दामूभाऊंनी दोघांपुढे जीभ बाहेर काढली. म्हणाले, "ही मांसाची. हिका दोनूय येतात. हिकाच विचारा." दोन्ही तट पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. त्या काळात गावातले दोन्ही पक्ष एकत्र आले ते एवढ्याच एका गोष्टीवर. पुढे गोवा राज्य झालं, पेढे वाटले, तर पेढा खात हे विचारतात, "माती बदलली? हाडात सँपल, पळयतां." म्हणजे आणा नमुना, बघतो.

पण खरी गडबड केली ती कौलानं.

आमच्याकडे देवळात कौल लावतात हे तुम्हाला माहीत असेल. नसेल तर सांगते. माणूस पेचात सापडला की देवाला विचारतो. भटजी ओल्या पाकळ्या देवाच्या मूर्तीला डाव्या उजव्या अंगाला चिकटवतात, आपण मनात प्रश्न धरून उभं राहायचं. उजवी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही. लग्नं, जमिनी, ऑपरेशनं, सगळं आमच्याकडे त्या पाकळ्यांवर ठरलेलं आहे. माझं स्वतःचं लग्नही तसंच ठरलं.

तर दामूभाऊंनी एका पावसाळ्यात घरी वरवंटा उभा केला, त्याला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, आणि महिनाभर रोज कुठली आधी पडते ते वहीत लिहिलं. मग जत्रेच्या बैठकीत उभे राहून जाहीर केलं, की ज्या बाजूला दार असतं त्या बाजूची पाकळी आधी पडते, कारण वारा लागून ती आधी सुकते. आमच्या देवळाचं दार देवाच्या उजव्या हाताला आहे. "म्हणून आमचो देव चड करून हयच म्हणटा," ते म्हणाले. हय म्हणजे हो.

बैठक उधळली. सुलूवयनी तोंड लपवून मागच्या वाटेनं घरी आली. ती मोठी भाविक, दर सोमवारी देवळात जाणारी. दोन दिवस तिनं चूल पेटवली, पण तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी गडग्याशी असताना एकदम म्हणाली, "वारो सुकयता न्हय? आनी तो वारो कोणें घातलो?"

दामूभाऊ अंगणात विडी ओढत होते. त्यांनी अर्धी विडी चिऱ्यावर विझवली. तिचा तेवढा जय झाला, आणि त्या रात्री म्हणे घरात केळ्यांचा हलवा झाला.

मीही काही त्यांना सुखानं जगू दिलं नाही. वाचनाचं थोडं वारं लागलेलं. एकदा विचारलं, "भाऊ, खाणीतलं लोखंड आणि माझ्या रक्तातलं लोखंड एकच ना?"

"एकूच."

"मग मी रडते, तर खाण कित्याक रडत नाही?"

ते समोरच्या तांबड्या डोंगराकडे बघत राहिले. मग आत गेले आणि खुंटीवरचं घुमट, ते आरतीतलं वाद्य, घेऊन आले. हे सांगायचं राहिलंच. हा देव न मानणारा माणूस चवथीला घुमट असं वाजवायचा, की आरती गाणारे चूक करायला घाबरत. सुलूवयनी गायची, हे वाजवायचे.

"हें मडकें," ते म्हणाले. "फोडून पळय, नाद मेळचो ना. हें कातडें. घोरपडीच्या पाठीर आसतना कोणें आयकलो नाद? पूण मडक्याक कातडें ताणून बांदलें..." आणि त्यांनी बोटं मारली. घुमट बोललं. "मांडणी, बाय. वस्तूची मांडणी जाली म्हणटकच नाद येता. खाणीची मांडणी ना. तुजी आसा."

"आणि घुमट फुटलं की नाद कुठे जातो?"

"खंयच वचना. उरना, बस."

मला ते उत्तर आवडलं नाही. पण घुमटाचा आवाज पुष्कळ दिवस कानात राहिला.

माझे यजमान गेले तेव्हा सगळं गाव येऊन सांगून गेलं की आत्मा अमर आहे. दामूभाऊ आले, ओसरीवर बसले. यजमानांच्या चपला अंगणात उन्हात पडल्या होत्या, त्या उचलून सावलीत ठेवल्या. तिसऱ्या दिवशी हातात पेजेची वाटी घेऊन गडग्यापाशी उभे. "रडप म्हणल्यार मीठ आनी उदक. तीन दीस जाले, दोनूय भायर वतात. भरून काडूंक जाय. पी." मी एक घोट घेतला. खारट झाली होती. सगळ्या सांत्वनांत माझ्या पोटात गेलेलं तेवढंच.

तर असा हा माणूस. आणि त्याच्याच घरावर ते आलं.

मे महिना होता. सुलूवयनी तुळशीला पाणी घालता घालता तिथेच बसली ती आडवी झाली. मेंदूत रक्ताची गाठ. म्हापशाला नेलं, मग बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात. महिन्यानं परत आणली तेव्हा उजवं अंग पूर्ण गेलेलं, वाचा गेलेली. डोळे उघडे, पण ते कुठे बघतायत ते कळू नये. डॉक्टरनं सांगितलं, ह्यांना आता समजण्यासारखं काही उरलेलं नाही, तुम्ही मनाची तयारी ठेवा.

पुढचं वर्ष दामूभाऊंनी काढलं. तिला न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलणं. फोंड्याला दिलेली त्यांची मुलगी मंदा आठवड्याला यायची, पण रोजचं सगळं त्यांचं. संध्याकाळी देवघरात दिवाही लावू लागले. गावात कुजबुज, की दामू शेवटी वाटेवर आला. मी विचारलं तर म्हणाले, "तिच्या दोळ्यांक तिनसांजेर वातीची संवय आसा. दोळ्यांची गरज ती." बरं म्हटलं.

बघायला येणारे लोक तेच ते बोलत. "सुटली बिचारी. आत्मो केन्नाच देवागेर पावला. आता नुसती कूड उरल्या." एका दुपारी कोणी तरी हे म्हणालं आणि दामूभाऊ, जे भांडणातसुद्धा पित्ताला पुढे करत, ते ताडकन उठले.

"नुसती?" ते म्हणाले. "नुसती कूड म्हणल्यार कितें? तुमच्याकडे आत्मो आसा, तुमकां कूड उडोवंक परवडटा. म्हजेकडे हीच आसा. हे हात म्हणल्यार सुलू. हें नाक म्हणल्यार सुलू. हातूंतलें तुमी कितें 'नुसतें' म्हणून कुशीक काडटले, माका दाखयात."

पाहुणे चहा न घेता गेले. मी तिथेच होते. खरं सांगते, मी देव मानते, आत्मा मानते, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की इतकी वर्षं आम्ही ह्या माणसाला कोरडा म्हणत होतो, आणि तिचा एक केससुद्धा वाया जाऊ द्यायला तयार नसलेला तेवढा एकटाच होता.

मग दुसऱ्या मे महिन्यात मंदा आली ती ठरवूनच. दोन दिवस तिच्या आईनं पेज नीट गिळली नव्हती. मंदा रडत म्हणाली, "बाबा, येत्या सोमवारी देवळात गाऱ्हाणं घालूया. आईचा जीव आत अडकलाय, त्याला सोडव म्हणून." आमच्याकडे असं करतात. माणूस फार दिवस अंथरुणावर राहिला की घरच्यांनी देवापुढे गाऱ्हाणं घालायचं, महाराजा, सुटका कर. ते एकदा घातलं की मग भरवण्याची जबरदस्ती करत नाहीत. तुळशीचं पाणी तेवढं ओठांना लावतात आणि वाट बघतात.

दामूभाऊंना ते नीट माहीत होतं. गाऱ्हाणं घातलं की सुलूवयनीचं खाणं थांबणार.

"आत कोण अडकलाच ना," ते म्हणाले. "जी आसा ती हीच."

"बाबा, तिला काहीच कळत नाही! डॉक्टर म्हणाले ना!"

"पुरावो?"

"तुम्हीच द्या पुरावा!" मंदा ओरडली. "इतकी वर्षं सगळ्यांकडे मागितलात. आता तिला कळतं याचा तुम्ही द्या!"

मी मंदाला खुणेनं गप्प केलं. पण दामूभाऊ तिच्याकडे अशा नजरेनं बघत होते, जशी लॅबमध्ये एखाद्यानं बरोबर प्रश्न विचारला तर बघत असतील. "सोमारा मेरेन दितां," ते म्हणाले. म्हणजे सोमवारपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून गांवसांचं घर बंद. मे महिन्याचा उकाडा, आणि ह्यांची सगळी जनेलं, म्हणजे खिडक्या, लावलेली, दार ओढलेलं, पंख्याचा आवाज नाही. दुपारच्या वेळी तर आत भट्टी झाली असेल. मला काळजी वाटली. गडग्यावरून हाक मारली तर आतून नुसतं "उपरांत, बाय", म्हणजे नंतर. दोन दिवस मी दम धरला. तिसऱ्या दिवशी सरळ जाऊन दार लोटलं.

आत दामूभाऊ तिच्या खाटेसमोर कदेलावर, म्हणजे त्यांच्या जुन्या लाकडी खुर्चीवर, घामानं निथळत बसलेले. सुलूवयनीला उशांवर टेकवून बसवलेलं. दोन्ही हात दोन उशांवर, बोटं कडेवरून खाली सोडलेली. आणि दोन्ही हातांच्या मधल्या बोटाच्या नखावर एकेक तांबडी ओली पाकळी चिकटवलेली.

दार उघडलं तशी वाऱ्याची एक झुळूक माझ्याबरोबर आत आली. दोन्ही पाकळ्या पडल्या.

"दार ओड गो!" ते कळवळून ओरडले. मग वहीत बघून हळू म्हणाले, "हें धरूंक जायना. वारो आयलो." आणि त्यांनी लिहिलेली ओळ खोडली.

मी दार लावलं. ज्या माणसानं भर बैठकीत कौलाची टर उडवली, तो बायकोलाच कौल लावून बसला होता.

"देवाक कित्याक विचारप?" माझ्या तोंडावरचं वाचून ते म्हणाले. "प्रस्न तिचो. तिकाच विचारतां."

मग त्यांनी मला सगळं समजावलं, जसं गडग्यावरून समजावत. उजवा हात मेलेला आहे. त्यावरची पाकळी पडली तर ती वाऱ्यानं किंवा सुकून पडली. म्हणून ती नुसती ताळ्याला. डावीच पडली आणि उजवी राहिली, तर डावं बोट हललं. पण बोट आपोआपही हलेल. म्हणून एकदा तिला प्रश्न विचारायचा आणि थांबायचं, एकदा काही न विचारता तेवढाच वेळ थांबायचं. परत विचारायचं, परत गप्प. "एका सँपलार कस सांगूंक नजो," ते म्हणाले. वहीची पानं मी बघितली. सुंदर अक्षर. पुष्कळ ओळी खोडलेल्या, पुढे "वारो", "सुकली", "म्हजी खोकली". पण न खोडलेल्यांत, विचारलं तेव्हा डावी पडलेली बरीच. न विचारता पडलेली अगदी थोडी.

"म्हणजे तिला कळतं!" मी म्हटलं.

त्यांनी टॉवेलनं आधी तिच्या कपाळाचा घाम टिपला, मग स्वतःच्या.

"बोट हालता तें दिसता, बाय. भितर तिका कशें दिसता, तें हांवें कितेंय केलें तरी सँपलांत येना. तुवें विचारिल्लें न्हय, खाण कित्याक रडना? हांवें घुमट वाजोवन तुजें तोंड बंद केलें. पूण जवाब माका तेन्नाय खबर नाशिल्ली. मडकें आनी कातडें कळटा. नाद जाता तेंय कळटा. पूण तो नाद जावप म्हणल्यार भितरल्यान कशें आसता..." ते थांबले. "तें फकत घुमटाकच खबर."

मी विचारलं, "भाऊ, घुमट फुटलं तर नाद उरत नाही, असं तुम्हीच म्हणाला होता."

"फुटलां म्हणून कोणें सांगलें?" ते म्हणाले. "वाजोवन पळयल्या बगर?"

सोमवारी मंदा सकाळीच आली. पूजेचं तबक, नारळ, सगळं घेऊन. दामूभाऊंनी तिला वही दिली. तिनं चाळली, बाजूला ठेवली. म्हणाली, "बाबा, ही तुमच्या हातची वही आहे. मी माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय..."

त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला. वाटलं, आता म्हणणार, म्हजी चली, माझी लेक! "बरोबर," ते म्हणाले. "तूंच लाय पाकळ्यो. तूंच विचार."

दार लावलं. जनेलं लावली. पंखा बंद. आम्ही तिघं आणि ती. मंदानं पाकळ्या वाटीत बुडवल्या आणि आईच्या नखांवर ठेवल्या. आणि मग, मला वाटलं ती काही साधंसं विचारेल, पण ती लेक कोणाची! तिनं सरळ तेच विचारलं, जायचंय का म्हणून.

"आये. तुका वचूंक जाय?"

आम्ही तिघंही श्वास दाबून बसलो. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता तो मला मोजता आला असता. भिंतीवर घुमट. दामूभाऊ तिच्या हाताकडे बघत नव्हतेच, तिच्या तोंडाकडे बघत होते. मी मात्र पाकळीवरून डोळा हलवला नाही. आणि मी बघितलं, देवाची शपथ घेऊन सांगते, डावं मधलं बोट जरासं, कोणी दाणा टिपावा एवढंसं, उचललं. पाकळी सुटली. जमिनीवर पडली.

उजवी तिथेच.

कौलात डावी म्हणजे नाही. मंदाला ते सांगायची गरज नव्हती. तिनं आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हमसून रडली.

मी गप्प बसायला हवं होतं. पण तीस वर्षं ह्या माणसानं मला पुरावा मागायला शिकवलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, एक बोलू? तिचा उजवा हात हलतच नाही. तिला 'हो' म्हणायचं असतं तरी म्हणता आलं नसतं. ती फक्त 'नाही' म्हणू शकते."

"माका खबर आसा," दामूभाऊ म्हणाले. "जल्मभर तिणें माका दुसरें कितें म्हटलां?"

मंदा रडता रडता फसकन हसली. मीही हसले. सुलूवयनी हसली की नाही ते मला सांगता येत नाही.

मग ते मंदाच्या पाठीवर हात ठेवून, अगदी हळू, जणू स्वतःशीच म्हणाले, "हय काय ना, तो सवालच न्हय गो. ना म्हणटा. म्हणल्यार ना म्हणपी कोण तरी आसा न्हय?"

मंदानं पूजेचं तबक तसंच झाकून ठेवलं. गाऱ्हाणं घातलं गेलं नाही. तिनं आईला चमच्यानं पेज भरवायला घेतली, एकेक चमचा, घाई न करता, आणि तिसऱ्या चमच्याला सुलूवयनीनं गिळली.

मी उठून सगळी जनेलं उघडली, पंखा लावला. दामूभाऊ खाली वाकले, जमिनीवरची पाकळी उचलली, पुसली, आणि वयनीच्या केसांत खोचली. नंतर कदेलावर बसले. त्यांचं तोंड पूर्ण ओलं होतं, हनुवटीवरून थेंब पडत होते. घाम असेल. त्यांच्या शास्त्राप्रमाणे पाहिलं तर दोन्हीत मीठ आणि पाणीच, वेगळं ओळखायला काही साधन नाही. मी विचारलं नाही. त्यांनीही कुठल्या अवयवाकडून काही कळवलं नाही.

मी गडग्यावरून घरी गेले. दोन वाट्या पेज केली. मीठ जरा जास्त घातलं, आणि घेऊन परत आले.